जर्मन अनेकवचन पाठ करूनही चुकतंय? चूक नेमकी कुठे होते ते बघू

'इन माइनेम त्सिमर झिंट त्स्वाय श्टूल्स, त्स्वाय फेन्स्टर्स उंट फियर बूख्स.'

माझ्या खोलीत दोन खुर्च्या, दोन खिडक्या आणि चार पुस्तकं आहेत, एवढंच तिला सांगायचं होतं. ए-वनच्या, म्हणजे अगदी पहिल्या पातळीच्या, बॅचमधल्या एका मुलीच्या वहीतलं हे वाक्य. तिन्ही अनेकवचनं चुकलेली. मी लाल पेनाने दुरुस्त केली, तिने ती घरी जाऊन दहा-दहा वेळा लिहून काढली, आणि तीन आठवड्यांनी चाचणीत पुन्हा 'श्टूल्स' आलं. मुलगी अभ्यासू आहे, नर्सिंगचं शिक्षण घेऊन जर्मनीला जायची तयारी करते आहे. कष्टात ती कुठेच कमी पडलेली नव्हती.

अशा वेळी सगळे एकच सल्ला देतात: 'जर्मन अनेकवचनाला नियम नाहीत, पाठ करा.' हा सल्ला मला पटत नाही, कारण तो अर्धाच खरा आहे आणि त्याने मुलं हबकून जातात. 'अनेकवचन चुकतं' या एका तक्रारीत निदान चार वेगवेगळ्या चुका लपलेल्या असतात, आणि प्रत्येकीचा उपाय निराळा आहे. त्यातल्या बहुतेक चुका आपण जर्मनकडे इंग्रजीच्या दारातून जातो म्हणून होतात. मराठीच्या दारातून गेलं तर वाट बरीच सोपी आहे.

पुढे जाण्याआधी लिपीचं सांगते. जर्मन शब्द मी उच्चाराच्या जवळ जातील असे लिहिले आहेत. शब्दाच्या शेवटचा 'ए' जर्मन लोक अगदी हलका म्हणतात. 'टिशे'च्या शेवटी जवळजवळ 'अ' ऐकू येतो. स्वरावर दोन टिंबं देतात त्याला उमलाउट म्हणतात. 'आ'वर टिंबं आली की इथे 'ए', 'ओ'वर आली की 'यो', 'उ'वर आली की 'यू' आणि 'आउ'वर आली की 'ऑय' असं लिहिलं आहे. 'यो' आणि 'यू' ही तडजोड आहे. खरा उच्चार असा करा: ओठ 'ओ'सारखे गोल ठेवून 'ए' म्हणा, आणि ओठ 'ऊ'सारखे गोल ठेवून 'ई' म्हणा.

सगळीकडे 'स' लागतो आहे

'श्टूल्स', 'फेन्स्टर्स', 'बूख्स' ही इंग्रजीची सवय आहे हे कुणीही सांगेल. पण या चुकीचा एक दुसरा उगमही आहे आणि तो सहसा कुणी दाखवत नाही. मी त्या मुलीला विचारलं, 'श्टूल्स कुठून आणलंस?' तिने मोबाइलवर कोश उघडून दाखवला. कोशात खरंच 'श्टूल्स' होतं!

डूडेनसारख्या मोठ्या जर्मन कोशात नामापुढे दोन रूपं दिलेली असतात. पहिलं षष्ठीचं एकवचन, म्हणजे 'खुर्चीचा' या अर्थाचं, आणि त्यानंतर अनेकवचन. पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी नामांची षष्ठी बहुधा 'स' लावूनच होते. घाईत पहिलंच रूप उचललं की 'श्टूल्स' हातात येतं, आणि इंग्रजीच्या सवयीने ते बरोबरही वाटतं. तिने पाठ केलं होतं, पण चुकीचा रकाना पाठ केला होता. तेव्हा कोशात कायम दुसरं रूप बघा, आणि त्याच्या आधी 'डी' हे आर्टिकल, म्हणजे नामाआधी येणारा लिंग-वचन दाखवणारा छोटा शब्द, आहे ना याची खात्री करा. अनेकवचनात तिन्ही लिंगांना 'डी'च लागतं.

छोट्या शब्दसूच्यांमध्ये षष्ठी नसते. तिथे 'डास बूख' लिहून पुढे एक आडवी रेघ, रेघेवर दोन टिंबं आणि 'एर' असं दिलेलं असतं. रेघ म्हणजे मूळ शब्द. रेघेवर टिंबं म्हणजे शब्दातल्या स्वरावर टिंबं. नुसतीच रेघ म्हणजे काहीही बदल नाही. गोएथे इन्स्टिट्यूटच्या ए-वन परीक्षेची शब्दसूची साधारण 650 शब्दांची आहे आणि तिच्यात नामांपुढे अशाच खुणा दिल्या आहेत. खुणा वाचता आल्या नाहीत तर सूची कितीही वेळा वाचली तरी अर्धी माहिती डोळ्यांखालून निघून जाते.

मग 'स' खरोखर लागतो कुठे? शेवटी आ, ई, ओ असा ठळक स्वर असलेल्या शब्दांना, आणि बाहेरून आलेल्या बऱ्याच शब्दांना: आउटो–आउटोस, ओमा–ओमास, किनो–किनोस, ब्युरो–ब्युरोस, होटेल–होटेल्स. मोबाइलला जर्मन 'हँडी' म्हणतात, त्याचं 'हँडीस'. लिहिताना इंग्रजीसारखी शेवटच्या वायची 'आयईएस' करू नका. जर्मनमध्ये वाय तसाच राहतो आणि पुढे नुसता 'एस' येतो. हे एवढे शब्द सोडले तर 'स' लावायची इच्छा झाली की हात आवरा.

शब्द आठवतो, लिंग आठवत नाही

माझ्या मते खरं मूळ हे आहे. आता जेवणाचं टेबल डोळ्यांसमोर आणा. चमचा म्हणजे 'डेर ल्योफेल', काटा म्हणजे 'डी गाबेल', सुरी म्हणजे 'डास मेसर'. 'डेर' पुल्लिंगी, 'डी' स्त्रीलिंगी, 'डास' नपुंसकलिंगी. दोन-दोन मागायचे झाले तर 'त्स्वाय ल्योफेल', 'त्स्वाय गाबेल्न', 'त्स्वाय मेसर'. ल्योफेल आणि गाबेल यांचा शेवट एकसारखा आहे, तरी एकाला काहीच लागलं नाही आणि दुसऱ्याला 'न' लागला. फरक केला तो लिंगाने.

इंग्रजीतून येणाऱ्याला हे विचित्र वाटेल. मराठी माणसाला वाटायचं कारण नाही. घाट, वाट आणि ताट घ्या. तिन्हींचा शेवट 'आट'. तो घाट – ते घाट. ती वाट – त्या वाटा. ते ताट – ती ताटं. हे आपल्याला कुणी तक्ता देऊन शिकवलेलं नाही. लिंग आणि शेवटचं अक्षर या दोन गोष्टी मिळून अनेकवचन ठरवतात ही जाणीव मराठीने आपल्या कानात आधीच घातलेली आहे, आणि जर्मनही तेच करते. फक्त 'ल्योफेल म्हणजे चमचा' एवढंच पाठ केलं, 'डेर' सोडून दिला, तर या जाणिवेला काम करायला काही उरत नाही.

लिंग माहीत असेल तर अंदाज कसा बांधायचा ते बघू.

स्त्रीलिंगी नामांना बहुतेक वेळा 'न' किंवा 'एन'. लाम्पे–लाम्पेन, टाशे–टाशेन, फ्राउ–फ्राउएन, श्वेस्टर–श्वेस्टर्न, कार्टोफेल–कार्टोफेल्न. शेवटी उंग, हाइट, काइट, शाफ्ट, त्सिओन, टेट असेल तर डोळे मिटून 'एन': त्साइटुंग–त्साइटुंगेन. शिक्षिका म्हणजे 'लेररिन', तिचं 'लेररिनेन'. लिहिताना इथे 'न'चं अक्षर (n) दुहेरी होतं आणि तेच वहीत हमखास एकेरी राहतं. अपवाद आहेत ते रोजच्या वापरातल्या, एका झटक्यात उच्चारल्या जाणाऱ्या छोट्या जुन्या शब्दांचे. हात, शहर, रात्र, भिंत, उंदीर, गाय: हांट–हेंडे, श्टाट–श्टेटे, नाख्ट–नेश्टे, वांट–वेंडे, माउस–मॉयझे, कू–क्यूए. हे थोडे आहेत, ते पाठच करा. आणि स्त्रीलिंगी नामाला 'एर' कधीच लागत नाही. ही खात्री फार मोलाची आहे.

पुल्लिंगीचा पहिला अंदाज 'ए': टिश–टिशे, टाक–टागे, हुंट–हुंडे. शब्द मुळातच एर, एल किंवा एन या हलक्या शेवटाचा असेल तर पुढे काही लावायचं नाही: लेरर–लेरर, वागेन–वागेन. मात्र श्टुडेंट–श्टुडेंटेन, पात्सिएंट–पात्सिएंटेन, युंगे–युंगेन अशी माणसांची नावं 'एन' घेतात. जर्मन रुग्णालयात नोकरी करायची असेल तर 'पात्सिएंटेन' हा शब्द पहिल्या दिवशीच लागणार आहे.

नपुंसकलिंगात घरातले छोटे शब्द 'एर' घेतात: किंट–किंडर, बूख–ब्यूशर, हाउस–हॉयझर, ग्लास–ग्लेझर, आय–आयर. पण यार–यारे आणि ब्रोट–ब्रोटे 'ए'वर जातात. फेन्स्टर, त्सिमर, मेसर आणि 'शेन'ने संपणारे सगळे शब्द जसेच्या तसे राहतात. बेट–बेटेन, हेम्ट–हेमडेन, ओर–ओरेन, आउगे–आउगेन हा एक छोटा वेगळा घोळका आहे.

म्युझेउम–म्युझेएन, फिर्मा–फिर्मेन, प्राक्टिकुम–प्राक्टिका ही लॅटिन आणि इटालियनमधून आलेली मंडळी भेटतील तशी लक्षात ठेवा, त्यांच्यामागे आत्ता धावू नका. जोडशब्दात मात्र एक नियम सहसा मोडत नाही: शेवटच्या तुकड्याचं जे अनेकवचन तेच अख्ख्या शब्दाचं. 'हाउस'चं 'हॉयझर', म्हणून 'क्रांकेनहाउस'चं 'क्रांकेनहॉयझर'.

टिंबं कुठे द्यायची

'टिंबं कधी येतात ते सांगा ना' हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो. आधी फूल, मूल, वीट आणि चूक हे शब्द मोठ्याने म्हणा. मग त्यांची अनेकवचनं म्हणा: फुलं, मुलं, विटा, चुका. शेवटी प्रत्यय लागला आणि त्याबरोबर शब्दाच्या पोटातला स्वरही बदलला, दीर्घाचा ऱ्हस्व झाला. कारण निराळं असलं तरी पोटातला स्वर हलण्याची सवय आपल्या जिभेला आहे. जर्मनमध्ये तो ऱ्हस्व न होता तोंडात पुढे सरकतो.

का सरकतो, त्याचीही गोष्ट आहे. पाहुणा म्हणजे 'गास्ट'. हजारेक वर्षांपूर्वीच्या जर्मनमध्ये त्याचं अनेकवचन 'गेस्टि' होतं. शेवटच्या 'इ'साठी जीभ पुढे जायची असते, तिच्या ओढीने आधीचा 'आ'ही पुढे सरकून 'ए' झाला. कालांतराने शेवटची 'इ' झिजली, पण सरकलेला स्वर तिथेच राहिला: आजचं 'गेस्टे'. इंग्रजीतलं फूट–फीट याच रस्त्याने आलं आहे, आणि जर्मन पायाचंही 'फूस–फ्यूसे'च होतं.

टिंबं फक्त आ, ओ, उ आणि आउ यांवर येऊ शकतात. टिश, बिल्ट, किंट, बेर्क यांच्यात टिंबं द्यायला जागाच नाही, त्यामुळे तिथे विचारच करू नका. 'एर' लागून अनेकवचन होत असेल आणि शब्दात यांपैकी स्वर असेल तर टिंबं येतातच: मान–मेनर, वोर्ट–व्योर्टर. 'न', 'एन' किंवा 'स' लागला तर टिंबं येत नाहीत. स्त्रीलिंगी नामाला 'ए' लागला तर वरच्या हांट–हेंडेसारखी टिंबं येतात, आणि नपुंसकलिंगी नामाला 'ए' लागला तर जवळपास कधीच येत नाहीत.

उरले पुल्लिंगी. इथे मी कबूल करते, पाठांतराला पर्याय नाही. श्टूल–श्ट्यूले, बाउम–बॉयमे, झोन–झ्योने, पण हुंट–हुंडे आणि शू–शूए. आप्फेल–एप्फेल, फोगेल–फ्योगेल, गार्टेन–गेर्टेन, पण कूखेन–कूखेन आणि ओंकेल–ओंकेल. पाठांतराची जागा एवढीच आहे. 'सगळंच पाठ करा' म्हणणाऱ्यांनी हा एक कोपरा अख्ख्या घराएवढा मोठा करून ठेवला आहे.

फाटर–फेटर, मुटर–म्युटर, ब्रूडर–ब्र्यूडर, टोख्टर–ट्योश्टर या नात्यांच्या शब्दांमध्ये शेवटी काहीच लागत नाही, सगळं अनेकवचन त्या दोन टिंबांतच असतं. लिहिताना ती राहिली की एकच वडील उरतात. टिंबं स्पष्ट, सुटी आणि त्या स्वराच्या डोक्यावरच द्या. 'आउ' दोन अक्षरांनी लिहितात, त्यात टिंबं पहिल्या अक्षरावर, म्हणजे 'a'वर येतात. वहीत ती बरेचदा 'u'वर सरकलेली दिसतात.

आणि हे सगळं ऐकताना कानाला आणखी एक बदल जाणवेल. 'किंट'च्या शेवटी 'ट' ऐकू येतो, 'किंडर'मध्ये मात्र 'ड'. 'टाक'चं 'टागे' होतं. जर्मनमध्ये शब्दाच्या शेवटचे ब, ड, ग कडक होऊन प, ट, क असे उच्चारले जातात. पुढे स्वर आला की ते मूळ रूपात परततात. स्पेलिंगमध्ये ते पहिल्यापासून 'डी' आणि 'जी'च असतात. 'बूख'मधला घशातला 'ख'ही 'ब्यूशर'मध्ये पुढे येऊन 'श'सारखा मऊ होतो. यात तुमचं काही चुकत नाही, हा उच्चाराचाच नियम आहे.

पाठांतर करायचं ते कसं? मी वर्गात स्वतःच्या शरीरावर करून घेते. आरशासमोर उभं राहायचं, अवयवाला हात लावायचा आणि दोन्ही रूपं एका दमात म्हणायची: 'आइन आउगे, त्स्वाय आउगेन. आइन ओर, त्स्वाय ओरेन. आइने हांट, त्स्वाय हेंडे. आइन फूस, त्स्वाय फ्यूसे. आइन आर्म, त्स्वाय आर्मे. आइन फिंगर, त्सेन फिंगर.' न, एन, ए, टिंबांसकट ए, आणि काहीच नाही, असे इतके प्रकार एका आरशात सापडतात. हे जमलं की स्वयंपाकघरात जा आणि भांड्यांना हात लावा. एकवचन आज आणि अनेकवचन पुढच्या आठवड्यात असं कधी करू नका. मग दोन्ही रूपं डोक्यात एकमेकांना ओळखत नाहीत.

'मिट' आणि 'झाइट' आले की 'न' गळतो

ही चूक अनेकवचन बऱ्यापैकी जमायला लागल्यावर सुरू होते, म्हणून जास्त त्रास देते. तोंडी परीक्षेत ओळख करून देताना मुलं म्हणतात, 'इश लेर्ने झाइट झेक्स मोनाटे डॉइच', मी सहा महिन्यांपासून जर्मन शिकतो आहे. 'मोनाट'चं अनेकवचन 'मोनाटे' बरोबर आहे, वाक्य मात्र चुकलं. हवं होतं 'मोनाटेन'.

'झाइट' (पासून), 'मिट' (बरोबर), 'फोन' (कडून) यांच्यानंतर डाटिव, म्हणजे साधारण आपल्या चतुर्थीसारखी, विभक्ती येते, आणि डाटिवच्या अनेकवचनात नामाला एक जादा 'न' लागतो. मिट किंडर्न, मिट माइनेन फ्रॉइंडेन. आधीच 'न'ने संपणाऱ्या आणि 'स' लागलेल्या शब्दांना तो लागत नाही: मिट डेन फ्राउएन, मिट डेन आउटोस.

हा 'न' लक्षात राहत नाही अशी तक्रार असते. मराठीत बघा: मुलं, पण मुलांना. आंबे, पण आंब्यांना. नद्या, पण नद्यांना. भिंती, पण भिंतींना. अनेकवचनाला विभक्ती लागायची वेळ आली की आपण प्रत्येक शब्दात न चुकता अनुनासिक आणतो. लिहिताना अनुस्वार राहिला तर शिक्षक अधोरेखित करतात. 'मुलांबरोबर' म्हणताना 'मुलां'वर जो अनुस्वार येतो, नेमक्या त्याच जागी 'मिट किंडर्न'मधला 'न' आहे. इंग्रजीत अशी जागाच नाही. हे सांगितल्यापासून माझ्या वर्गात ही चूक बरीच कमी झाली आहे. मुलं वाक्य आधी मनात मराठीत म्हणतात आणि अनुस्वार ऐकू आला की 'न' लावतात.

आकडा आणि क्रियापद

शेवटच्या अडचणीत शब्द बरोबर असतो, पण आजूबाजूचं काहीतरी चुकतं.

मोजमापाला अनेकवचन करायचं नसतं: त्स्वाय किलो, हुंडर्ट ग्राम, फ्युन्फ ऑयरो. टपरीवर आपण 'तीन चहा' सांगतो, तसंच 'ड्राय काफे'. पण बाटली आणि कप हे शब्द 'ए'ने संपणारे स्त्रीलिंगी आहेत, त्यांचं अनेकवचन होतं: त्स्वाय फ्लाशेन वासर, त्स्वाय टासेन टे.

केस आपल्याकडे 'लांब आहेत', जर्मनमध्येही 'माइने हारे झिंट लांग'. चष्मा आणि कात्री आपल्याकडे एक, तिथेही एक: आइने ब्रिले, आइने शेरे. या शब्दांत इंग्रजी डोक्यात आणली की हमखास गोंधळ होतो, मराठी आणली की होत नाही. पोलीस मात्र जपून वापरा. आपण 'पोलीस आले' म्हणतो, जर्मन म्हणतात 'डी पोलित्साय कोम्ट', एकवचनात.

आणि एक चूक अशी आहे जी मराठीच आपल्याकडून करवते. 'माझे वडील शिक्षक आहेत.' यावरून मुलं लिहितात 'माइने फाटर झिंट लेरर', आणि वाचणाऱ्या जर्मनाला प्रश्न पडतो की वडील किती. आपल्याला वडिलांना एकवचनात बोलणं जड जातं, तो आदर हाडात मुरलेला आहे. जर्मनमध्ये आदराचं अनेकवचन फक्त समोरच्याशी बोलताना येतं: 'झिंट झी लेरर?', आपण शिक्षक आहात का? तिसऱ्या माणसाबद्दल बोलताना, तो कितीही मोठा असला तरी, एकवचनच. 'माइन फाटर इस्ट लेरर. एर आर्बाइटेट इन सांगली.' अगदी बी-वन या तिसऱ्या पातळीपर्यंत पोचलेल्यांच्या वहीतही मला 'फाटर झिंट' सापडतं. आज आजोबांवर किंवा वडिलांवर पाच वाक्यं लिहा आणि प्रत्येक वाक्यातलं क्रियापद अधोरेखित करून तपासा.